खांदेरी : ओसाड बेटाचे मोल

इंदूरच्या राजवाड्यासमोर उभ्या असलेल्या माणसास समुद्राची आठवण व्हावी, असे तेथे काही दिसत नाही. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, अशी ती भव्य वास्तू माळव्याच्या काळ्या मातीत उभी आहे. तिच्याभोवती जो इतिहास सांगितला जातो, तो घोड्याच्या पाठीवरचा. मल्हारराव होळकरांच्या स्वाऱ्या, नर्मदेचे उतार, विंध्याचे घाट आणि उत्तरेकडील मोहिमा, हेच त्याचे विषय. मुंबईचा किनारा येथून सुमारे 600 किलोमीटर दूर. येथील पावसाच्या पाण्यालाही समुद्र जवळचा नाही. महूजवळच्या जानापावच्या डोंगरात उगम पावणारी चंबळ आपले पाणी यमुना आणि गंगा यांच्या वाटेने थेट बंगालच्या उपसागरास नेऊन पोहोचविते. विंध्याच्या दक्षिण उतारावरचे पाणी तेवढे चोरल नदीतून नर्मदेस आणि नर्मदेतून पश्चिम समुद्रास मिळते.

तरीही ज्या मराठी सत्तेच्या विस्तारातून या शहराचा इतिहास घडला, तिचा एक पाय प्रारंभापासून खाऱ्या पाण्यात होता. आणि 1817 सालच्या डिसेंबरात शिप्रेच्या काठी जी सत्ता होळकरांच्या फौजेपुढे उभी ठाकली, ती तर जहाजांतूनच या देशात आली होती. समुद्र माळव्यात आला तो असा, पाण्याच्या रूपाने नव्हे तर परक्या फौजेच्या रूपाने. तिला किनाऱ्यावरच अडविता येईल असा एक काळ होऊन गेला होता. त्या काळाची ओळख करून घ्यावयाची तर मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या एका लहानशा, त्या वेळी ओसाड असलेल्या बेटाकडे पाहावे लागते. त्या बेटाचे नाव खांदेरी.

मुंबईच्या दक्षिणेस सुमारे 20 किलोमीटरांवर, कुलाबा प्रांतातील थळ गावासमोर, समुद्रात दोन बेटे आहेत. किनाऱ्याला लागून असलेले उंदेरी आणि त्याच्या पलीकडे, थळपासून चार-पाच किलोमीटर आत, खांदेरी. खांदेरीवर दोन टेकड्या असून त्यांच्यामध्ये सखल जागा आहे, आणि होडी लावावयाची ती त्या सखल भागाशी. बाकी चहूकडे खडक. पायी फेरी घालावयास फार वेळ लागू नये एवढाच त्याचा घेर. कोळी लोक तेथे वेताळाला मानतात. मासेमारीच्या हंगामात त्यांच्या होड्या त्या बाजूस जात आणि परत येत. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने मात्र सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे बेट कोणाचेच नव्हते. पोर्तुगीज चौल आणि वसई येथे तटबंदी करून बसले होते, सिद्दी जंजिऱ्यात होता, इंग्रजांना मुंबई मिळाली होती. या सर्वांची जहाजे खांदेरीच्या जवळून जात. तेथे उतरून राहावे असे कोणास वाटले नाही.

शिवाजी महाराजांना मात्र ते वाटले, आणि त्याला कारण होते. कल्याण-भिवंडीचा मुलूख हाती येताच त्यांनी गलबते बांधावयास प्रारंभ केला होता. 1659 च्या सुमारास रुय लैतांव व्हिएगस नावाचा एक पोर्तुगीज कारागीर या कामावर होता, अशी नोंद पोर्तुगीज कागदांत आहे. आपल्या माणसांनी शिवाजीचे काम सोडून यावे, अशी खटपट वसईच्या पोर्तुगीजांनी केली आणि ते लोक निघूनही गेले. तरी गलबते बांधली जात राहिली. परक्या कारागिरावाचून काम अडले नाही, कारण लाकूड येथले होते, सुतार येथले होते आणि शीड व सुकाणू धरणारे कोळी, भंडारी व मुसलमान खलाशी पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यात वाढलेले होते. आरमाराच्या अधिकाऱ्यांची जी नावे इतिहासात राहिली आहेत, तीही याच मिश्र वस्तीची साक्ष देतात : दर्यासारंग, मायनाक भंडारी, दौलतखान.

ओसाड बेटाचे मोल महाराजांनी याआधी मालवणला जाणले होते. मालवणच्या समोरच्या कुरटे बेटावर 25 नोव्हेंबर 1664 रोजी सिंधुदुर्गाच्या कामास आरंभ झाला. सुमारे 48 एकरांचे ते बेट. त्याच्या कडेने तीन किलोमीटरांच्या आसपास लांबीचा तट फिरला, आणि पायाच्या दगडांत शिसे ओतले गेले. परंतु कुरटे बेटाचे खरे वैभव तटात नव्हते, ते पाण्यात होते. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींचे पाणी गोड आहे. भोवती खारा समुद्र आणि मध्ये गोड्या पाण्याची विहीर, हे ज्याने प्रथम पाहिले असेल त्याने अर्धा किल्ला तेथेच बांधला, असे म्हणावयास हरकत नाही. बेट शोधणे म्हणजे त्याचा किनारा पाहून येणे नव्हे. होडी कोठे लागते, खडक कोठे बुडालेले आहेत, पाणी कोठे मिळते, कोणत्या महिन्यात कोणत्या बाजूने वारा असतो, हे कळले म्हणजे बेट सापडले. हे ज्ञान नकाशात नव्हते. ते तांडेलांच्या आणि कोळ्यांच्या डोक्यात होते. सिंधुदुर्गाचे काम चालू असतानाच, 1665 च्या फेब्रुवारीत, महाराज स्वतः आरमार घेऊन बसरूरच्या स्वारीवर गेले. 85 गलबते आणि तीन मोठी जहाजे त्या वेळी त्यांच्याबरोबर होती. परतताना वाऱ्याने त्यांना बराच त्रास दिला. दर्याचा कारभार हुकमाने नव्हे, वाऱ्याच्या मर्जीने चालतो, हा धडा त्या प्रवासात राजालाही मिळाला असला पाहिजे.

खांदेरीची गरज वेगळ्या कारणाने निर्माण झाली. जंजिऱ्याचा सिद्दी हा कुलाब्याच्या रयतेचा काळ होता. त्याची गलबते किनाऱ्यावर उतरत, गावे जाळीत, माणसे धरून नेत. पावसाळा आला म्हणजे हेच आरमार मुंबईत माझगावच्या आश्रयास येऊन राही. इंग्रजांना ते मनातून आवडत नसे. परंतु सिद्दी मोगल बादशहाचा चाकर, आणि सुरतेचा व्यापार बादशहाच्या मर्जीवर अवलंबून. तेव्हा त्याला नाही म्हणण्याची इंग्रजांची छाती नव्हती. जंजिरा आणि मुंबई यांच्यामधल्या या वाटेवर नेमके खांदेरी आहे. तेथे एक लहान ठाणे आणि चार तोफा असल्या, की सिद्दीच्या जाण्यायेण्यावर नजर राहते आणि मुंबईत येणारे-जाणारे प्रत्येक शीड दिसते. म्हणून 1672 मध्ये महाराजांनी तेथे तटबंदीचा पहिला प्रयत्न केला. इंग्रज आणि सिद्दी या दोघांनी मिळून तो उधळून लावला. सात वर्षे बेट पुन्हा रिकामे राहिले.

दुसरा प्रयत्न 1679 च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस झाला. या तारखा इंग्रजांच्या दप्तरातील असून त्या वेळच्या त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे आहेत. आजच्या पंचांगाने त्यांत दहा दिवस मिळवावे लागतात. तरीही काळ पावसाळ्याच्या उताराचाच ठरतो. या काळाची निवड हीच खांदेरीच्या मोहिमेची गुरुकिल्ली होय. नैर्ऋत्येचा वारा पुरता पडलेला नाही, समुद्रात लाट मोठी आहे, मोठी जहाजे अजून बंदराबाहेर पडावयास तयार नाहीत. पण थळच्या किनाऱ्यावरून एखादा अनुभवी तांडेल भरती-ओहोटीचा मेळ पाहून लहान गलबत बेटापर्यंत नेऊ शकतो. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ वाहतो आणि मग होडी पाण्यात लोटतो. त्याच्या मागे निव्वळ श्रद्धा नाही, दर्याचे पंचांगही आहे. मायनाक भंडाऱ्याने हे पंचांग वाचले आणि शत्रूच्या आधी वाचले.

त्याच्याबरोबर सुमारे 150 माणसे आणि चार लहान तोफा होत्या. बेटावर उतरून त्यांनी दगडमातीचा गडगा घालावयास प्रारंभ केला. मुंबईत बातमी पोहोचताच इंग्रजांनी एन्साइन डॅनिएल ह्यूज याला तीन शिबाडे देऊन पाठविले आणि बेट सोडून जाण्याविषयी निरोप दिला. हे बेट मुंबईच्या हद्दीतले, असे त्यांचे म्हणणे. मायनाकाने उत्तर दिले की, धन्याच्या आज्ञेने आलो आहोत, धन्याच्या आज्ञेशिवाय जाणार नाही. त्या वेळी त्याच्यापाशी पुरता तट नव्हता, मोठी तोफ नव्हती, आणि पाठीमागे चार-पाच किलोमीटर खवळलेले पाणी होते.

मग इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. येथे त्यांच्या अडचणी उघड्या पडल्या. लंडनच्या कंपनीने खर्चात काटकसर करण्याचे हुकूम पाठविलेले असल्यामुळे मुंबईचे लष्करी बळ घटले होते. ‘रिव्हेंज’ नावाची एक लढाऊ फ्रिगेट आणि बाकी भाड्याची शिबाडे व मचवे, एवढाच त्यांचा पसारा. शिबाड हे मूळचे मालाचे जहाज. ओझे वाहावयास चांगले, वळवावयास जड. 19 सप्टेंबर रोजी लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प याने काही माणसांसह बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला. अर्धवट बांधलेल्या गडग्याच्या आडून मराठ्यांनी मारा केला. त्यात थॉर्प ठार झाला आणि ती चढाई फसली. लढाई आता निव्वळ निरोपानिरोपीची राहिली नव्हती.

त्यानंतरचा महिनाभर जे चालले, त्यास लढाई म्हणण्यापेक्षा पाठशिवणीचा खेळ म्हणणे अधिक योग्य. बेटावरील माणसांना धान्य, पाणी, चुना, दारूगोळा, सारे काही किनाऱ्यावरून यावयाचे. रात्र पडली की थळ आणि नागाव या बाजूंनी लहान गलबते निघत. ती अरुंद बांध्याची आणि उथळ पाण्यात चालणारी. वारा असेल तर शीड आणि वारा पडला तर वल्ही, असा त्यांचा दुहेरी आधार. फ्रिगेटचे तसे नव्हते. तिचे पोट खोल. बुडालेल्या खडकांजवळ तिला जाता येत नसे, आणि वारा पडला म्हणजे ती एका जागी खिळून राही. पावसाळा संपता संपता कोकणच्या किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा आणि दुपारी समुद्राकडून येणारा खारा वारा यांची अदलाबदल सुरू होते. या दोहोंमधल्या शांत वेळेत वल्ह्यांचे गलबत राजा असते. नाकेबंदी करणारे जहाज दिवसा बेटाभोवती दिमाखाने फिरे. सकाळी पाहावे तो बेटावरचा गडगा हातभर वाढलेला असे.

18 ऑक्टोबरच्या पहाटे या प्रकरणास तोंड लागले. दौलतखानाच्या हाताखाली मराठ्यांची 40 ते 50 गलबते नागावच्या बाजूने वेगाने चालून आली. त्यांच्या नाळेवर, म्हणजे पुढल्या टोकावर, तोफा होत्या आणि त्या डागीत ती सरळ इंग्रजी तांड्यावर आली. हा हल्ला इतका अचानक झाला की इंग्रजांना नांगर उचलण्यापुरतीही उसंत मिळाली नाही. अर्ध्या तासाच्या आत ‘डव्ह’ नावाच्या त्यांच्या गुराबेने निशाण उतरविले आणि तिच्यावरील लोक कैद झाले. बाकीची शिबाडे व मचवे दूर राहिले. ‘रिव्हेंज’ मात्र एकटी उभी राहून लढली. तिच्यावर कॅप्टन मिंचिन आणि कॅप्टन रिचर्ड केग्विन हे दोघे होते. त्यांच्या तोफांपुढे मराठी गलबते टिकली नाहीत. ती मागे फिरली आणि नागोठण्याच्या खाडीत शिरली. खाडीच्या उथळ तोंडाशी फ्रिगेटला थांबावे लागले.

या केग्विनाची हकिकत येथे सांगण्यासारखी आहे. दक्षिण अटलांटिक महासागरात सेंट हेलेना म्हणून एक एकाकी बेट आहे. 1673 मध्ये ते डचांकडून परत घेणाऱ्या इंग्रजांमध्ये केग्विन अग्रभागी होता, आणि पुढे काही काळ तो त्या बेटाचा गव्हर्नरही होता. म्हणजे बेट कसे घ्यावे आणि कसे राखावे, याचा अनुभव या गृहस्थास भरपूर होता. पण सेंट हेलेना हे मोठ्या जहाजांचे बेट. भोवती अथांग पाणी; यावयाचे ते मोठ्या शिडांनी आणि जावयाचे तेही मोठ्या शिडांनी. ज्याची जहाजे मोठी त्याचे ते बेट. खांदेरीचा हिशेब नेमका उलट होता. ते किनाऱ्याच्या हाकेवरचे, उथळ पाण्यातले, खडकांनी वेढलेले बेट. तेथे मोठ्या जहाजाला लढाई जिंकता येई, पण रात्रीची एक होडी अडविता येत नसे. केग्विन शूर होता यात शंका नाही. पण अटलांटिकमध्ये शिकलेली विद्या थळच्या खडकांत अपुरी पडली.

त्या दिवशीची लढाई कोणी जिंकली, याविषयी आजही दोन मते होऊ शकतात. इंग्रजांच्या कागदांत ती ‘रिव्हेंज’च्या विजयाची कथा आहे, आणि एका जहाजाने 40 वर गलबतांशी झुंज दिली हे खरेच आहे. मराठ्यांकडून पाहिले तर ‘डव्ह’ त्यांच्या हाती लागली होती आणि नाकेबंदी फुटली होती. परंतु हा वाद बाजूस ठेवून एकच प्रश्न विचारावा : लढाईनंतर बेट कोणाकडे राहिले? बेट मायनाकाकडे राहिले. खाडीत शिरलेली गलबते थोड्याच दिवसांत पुन्हा बाहेर पडली आणि रसदेचे काम पूर्ववत चालू झाले. आरमाराचे काम शत्रूची जहाजे बुडविणे एवढेच असते, असे मानणाऱ्यास खांदेरीचा अर्थ कळणार नाही. दौलतखानाचे काम बेट जगविण्याचे होते, आणि ते त्याने केले.

नोव्हेंबरात सिद्दी कासीम आपले आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीस आला. तोफा डागल्या गेल्या, चढाईचे बेत झाले; पण दोन मित्रांचे मन एक नव्हते. सिद्दीने बेट घेतले तर ते तो आपल्याला देणार नाही, हे इंग्रज ओळखून होते, आणि सिद्दीचा विचारही त्यांच्या भीतीप्रमाणेच चालला होता. अखेर 1680 च्या आरंभी इंग्रजांनी आपली जहाजे काढून घेतली आणि शिवाजी महाराजांशी तह केला. खांदेरी स्वराज्यात राहिली.

मात्र कथा एवढ्यावरच थांबविली तर ती अर्धी राहील. सिद्दी कासीम हाही याच पाण्यात मुरलेला दर्यावर्दी होता. खांदेरी हाती लागत नाही असे दिसताच त्याने जानेवारी 1680 मध्ये शेजारच्या उंदेरी बेटावर माणसे उतरविली आणि तेथे आपली तटबंदी उभारली. मायनाकाने जे केले तेच त्याने केले, आणि ज्या कारणाने इंग्रजांना मायनाकास हलविता आले नाही, त्याच कारणाने दौलतखानास सिद्दीला हलविता आले नाही. उंदेरीवरील हल्ल्यात दौलतखान स्वतः जखमी झाला. त्याच वर्षी 3 एप्रिल रोजी शिवाजी महाराजांचे निर्वाण झाले. समोरासमोरच्या दोन बेटांवर दोन निशाणे फडकत राहिली आणि मधल्या पट्टीतल्या पाण्यावर कित्येक वर्षे तोफांचे आवाज उठत राहिले. दर्या कोणाचा पक्षपाती नाही. जो त्याचा अभ्यास करील त्याला तो साहाय्य करतो, हेच उंदेरीने दाखविले.

खांदेरीचा धडा कान्होजी आंग्रे यांनी पुढे संपूर्ण किनाऱ्यास लागू केला. लहान, वेगवान गलबते आणि त्यांच्या पाठीशी बेटांवरचे व खाड्यांच्या तोंडांवरचे किल्ले, या जोडीवर त्यांनी पश्चिम किनाऱ्यावर अंमल बसविला. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने 1718 मध्ये खांदेरीवर मोठी मोहीम काढली. ती परतून लावली गेली. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज या दोघांनी मिळून कुलाबा किल्ल्यावर चाल केली, तीही निष्फळ ठरली. याच सुमारास, 1715 च्या आसपास, रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र लिहिले गेले. त्यात आरमारास राज्याचे स्वतंत्र अंग मानून एक प्रकरण दिलेले आहे. पावसाळ्यात गलबतांची छावणी कशी करावी, हे त्यात आहे. आंबा-फणसासारखी रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली झाडे आरमारासाठी जबरदस्तीने तोडू नयेत, अशी ताकीदही त्यात आहे. आरमार हे रयतेच्या राजीखुशीवर तरते, हे जाणणारे ते राज्यकर्ते होते.

माळव्याच्या घोडेस्वारांची आणि समुद्राची गाठ पडली ती या परंपरेच्या ऐन भरात. 1737 मध्ये मराठ्यांनी वसईच्या उत्तरेस वैतरणेच्या मुखाशी असलेले अर्नाळा बेट पोर्तुगीजांकडून घेतले आणि पहिल्या बाजीरावांच्या कारकिर्दीत तेथे किल्ला नव्याने बांधला गेला. अर्नाळा हाती आल्यामुळे समुद्राकडून वसईची कोंडी करणे सोपे झाले. चिमाजी अप्पांनी घातलेल्या वसईच्या वेढ्यात अखेरीस मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे हेही आपापल्या फौजांसह सामील झाले. भोपाळजवळ निजामास कोंडून जेमतेम वर्ष उलटले होते. जे घोडे माळव्याच्या पठारावर दौडत होते, तेच आता खाडीच्या चिखलात उभे राहिले. मे 1739 मध्ये वसई पडली. जमिनीवरचे बळ आणि पाण्यावरचे बळ एकत्र आले तर काय होऊ शकते, हे होळकरांच्या स्वारांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

पुढे हे दोन्ही हात एकमेकांपासून सुटले. कान्होजींच्या पश्चात आंग्र्यांच्या घरात भाऊबंदकी माजली. विजयदुर्गचा तुळाजी आंग्रे पेशव्यांस जुमानीना; त्याच्या उपद्रवाने कोकणची रयतही त्रासली. त्याला शासन करणे आवश्यक होते, हे मान्य केले तरी त्यासाठी जो उपाय योजला गेला तो महाग पडला. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले. फेब्रुवारी 1756 मध्ये वॉट्सन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून गेले आणि बंदरात एकमेकांना बांधून ठेवलेले आंग्र्यांचे आरमार एका दिवसात जळून गेले. ज्या गलबतांनी खांदेरी जगविली, त्यांच्या वंशातली ही गलबते होती. ती शत्रूने जाळली, पण त्याला बोलावून आणले होते घरच्यांनीच. त्यानंतर लहानसहान आरमारे राहिली; इंग्रजांना पाण्यावर अडविणारे बळ मात्र पुन्हा उभे राहिले नाही.

याचा परिणाम माळव्यापर्यंत येऊन पोहोचण्यास साठ-एकसष्ट वर्षे लागली. 21 डिसेंबर 1817 रोजी शिप्रेच्या काठी महिदपूर येथे होळकरांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला. त्या सैन्यात हिस्लॉप आणि माल्कम हे सेनानी होते. 6 जानेवारी 1818 रोजी मंदसोरचा तह झाला आणि त्यानंतर होळकरांची राजधानी इंदूर येथे स्थिर झाली. 1679 मध्ये 150 माणसांना एका खडकावरून हुसकावून लावणे ज्यांना साधले नव्हते, ते 1817 मध्ये समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत येऊन तह लिहून घेत होते. याला एकट्या विजयदुर्गाची आग कारण झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कारणे अनेक होती. परंतु किनाऱ्याचे दार उघडे राहिले की घरातल्या शेवटच्या खोलीपर्यंत वारा येतो, हेही तितकेच खरे.

खांदेरीवर 1867 मध्ये दीपगृह बांधण्यात आले. ज्या बेटावरून एके काळी मुंबईच्या जहाजांवर पाळत ठेवली जाई, तेच बेट त्यांना वाट दाखवू लागले. 1998 मध्ये त्याला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. भारतीय नौदलाने दोन पाणबुड्यांना खांदेरी हे नाव दिले. पहिली 1968 मध्ये नौदलात आली आणि दुसरी 2019 मध्ये. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारशात केला. त्यांत रायगड, शिवनेरी, प्रतापगड यांच्या पंक्तीला सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि खांदेरी हेही आहेत.

हा गौरव योग्यच होय. परंतु दगडांना मिळालेल्या या मानात एक वाटा अशा लोकांचा आहे, ज्यांची नावे दप्तरांत फारशी उतरली नाहीत. ‘रिव्हेंज’ आणि ‘डव्ह’ यांवरील कप्तानांची नावे इंग्रजी कागदांनी जपून ठेवली. थळ-नागावच्या ज्या तांडेलांनी काळोख्या रात्री, दिवा न लावता, खडकांमधून वाट काढीत पाण्याची पिंपे आणि चुन्याच्या गोण्या बेटावर पोहोचविल्या, त्यांतला मायनाक भंडारी तेवढा ओळखीचा राहिला. त्यांनी नवे जग शोधले नाही, दूरचा महासागर ओलांडला नाही. आपल्या दारासमोरचे एक ओसाड बेट त्यांनी शोधले. ज्या अर्थाने बेट खरोखर शोधावयाचे असते, त्या अर्थाने शोधले. आणि जोवर त्यांच्या विद्येस राज्यात मान होता, तोवर समुद्रातून येणारा शत्रू समुद्रातच थांबला. शिप्रेच्या काठी उभे राहून महिदपूरचा इतिहास वाचणाऱ्याने थळच्या किनाऱ्यावरील त्या लहान गलबतांचीही आठवण ठेवावी, इतके त्यांचे ऋण माळव्यावरही आहे.